पिशवीत मावलेलं शीड

जेऊरला पॅसेंजर फार वेळ थांबत नाही. म्हणून पोफळज मागे पडलं तशी मी दोन्ही पिशव्या दाराशी आणून ठेवल्या. एक पाठीवर घ्यायची, फुगीर, माझ्या कमरेइतकी उंच. दुसरी बारीक आणि लांबट, तंबूच्या काठ्या असाव्यात तशी. केमला निघालेल्या एका आजींनी पाय आखडून वाट करून दिली आणि मग विचारलंच, "गादी घेऊन चाललीस व्हय गं?"

"नाही आजी, होडी आहे. शिडाची."

त्यांनी पिशवीवर तळवा दाबून पाहिला. आतल्या गुंडाळीचा अंदाज घेतला. "मग फुगवायची म्हण की," त्या म्हणाल्या आणि त्यांचं समाधान झालं.

त्या पिशवीत विंडसर्फिंगचा बोर्ड होता, हवा भरून वापरायचा. वाऱ्यावर चालणारी तीन मीटर लांबीची फळी घडी करून रेल्वेने न्यायची, पाण्यावर उतरवायची, पुन्हा घडी करून घरी कपाटात ठेवायची, हे खरोखर जमतं का, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी मी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उजनीच्या काठी आले होते.

विंडसर्फिंग मी गोव्यात शिकले, तेही कडक, भरीव बोर्डावर. फळीच्या मधोमध एक लवचीक सांधा, त्या सांध्यावर कुठल्याही बाजूला कलणारी डोलकाठी, तिला शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी पेलून उभा असलेला माणूस. सुकाणू नाही. शीड पुढे कलवलं की फळी वाऱ्यापासून वळते, मागे कलवलं की वाऱ्याकडे तोंड करते. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्ये अशी शिडाची फळी बनवली. पुढे जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइत्झर यांनी कॅलिफोर्नियात सुटसुटीत सांधा असलेली फळी तयार करून १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हा खेळ तिथेही आहे. पण त्या सुरुवातीच्या फळ्या सुमारे १२ फुटांच्या होत्या आणि तेव्हापासूनच एक प्रश्न या खेळाला चिकटला आहे: पाण्यावरून परत आल्यावर ही ठेवायची कुठे?

समुद्रकाठच्या गावांत उत्तर सोपं आहे. तिथे क्लब असतो, क्लबची शेड असते, शेडमध्ये मांडण्या असतात. माझं घर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आहे. तीन मीटरची फळी आमच्या लिफ्टमध्ये उभी राहत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकते. आमच्या बाजूचं पाणी म्हणजे धरणांचं. कोयनेचा शिवसागर, जायकवाडीचा नाथसागर, उजनीचा यशवंतसागर. पाणी भरपूर, वाराही आहे, पण यांच्या काठावर फळी ठेवून जावी अशी खोली मला कुठे सापडली नाही. म्हणजे दर वेळी सगळं घरून न्यायचं आणि घरी आणायचं. हवेच्या बोर्डाचा विचार मी तिथून सुरू केला.

आकडे मी निघण्याआधीच वहीत लिहून ठेवले होते. बोर्ड फुगल्यावर ३ मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड. गुंडाळल्यावर साधारण ९० सेंटिमीटर उंच आणि ४० रुंद. बोर्ड, पंप आणि पोटाखाली लावायची फिनं मिळून १५ किलोंच्या आसपास, शिडाचं सामान आणखी ९ किलो. रेल्वेच्या डब्यात सोबत नेण्याच्या पेटीला १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरची मर्यादा आहे. पट्टे आवळले की माझी पिशवी त्यात कशीबशी बसते. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान फुकट नेता येतं. तिथे बोर्ड एकटाच ती मर्यादा गाठतो आणि शिडाचे पैसे वेगळे पडतात.

खरी अडचण मात्र दुसऱ्या पिशवीत होती. बोर्ड गुंडाळता येतो, डोलकाठी गुंडाळता येत नाही. माझ्या शिडाला ४ मीटरची डोलकाठी लागते. नेहमीची काठी दोन तुकड्यांत येते, म्हणजे दोन मीटरचा एक तुकडा, आणि तो डब्यात कुठेही आडवाच येतो. म्हणून मी चार तुकड्यांची काठी घेतली. ती दोन तुकड्यांच्या काठीपेक्षा जड असते, वाकताना तितकी एकसारखी वाकत नाही आणि तिच्या तीन सांध्यांत धूळ शिरली की तुकडे एकमेकांना सोडत नाहीत. शीडही पट्ट्यांचं ताठ शीड नव्हे, साध्या कापडाचं घडी होणारं. फळीची घडी करायची ठरवली की तिच्यापाठोपाठ सगळ्याच सामानाची घडी करावी लागते आणि प्रत्येक घडीबरोबर थोडा जोर कमी होतो. विकत घेताना हे कुणी आपण होऊन सांगत नाही, म्हणून मी इथे सांगते आहे.

पिशवीत एकच वस्तू अशी होती की तिची घडी झाली नाही. फोमचं जीवरक्षक जॅकेट. माझं एक आणि सोबत येणाऱ्या कुणासाठी म्हणून आणखी एक. हवेची जॅकेटंही मिळतात, ती हाताच्या पंजाएवढी होतात. पण बोर्डात हवा आणि अंगावरही हवाच, हे मला पटलं नाही. त्या दोन जॅकेटांनी पिशवीच्या वरच्या भागाचं गाठोडं झालं होतं.

जेऊर माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं माहेर. स्टेशनवर तिचे वडील, म्हणजे काका, न्यायला आले होते. जेऊरवरून जाणाऱ्या या रेल्वेमार्गाचा दिकसळ ते बार्शी रोड हा तुकडा १८५९ मध्ये सुरू झाला. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. करमाळा तालुक्याला आगगाडी भेटते ती मुख्यतः इथे, जेऊरला. काकांनी लांबट पिशवी खांद्यावर घेतली आणि बाहेर ठरवून ठेवलेल्या 'छोटा हत्ती' टेम्पोत टाकली. चालकाने आरशातून दोन-तीनदा मागे पाहिलं. "ताई, शूटिंग हाय का?" हा प्रश्न या गावात साहजिक आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे इथलेच, आणि त्यांच्या 'सैराट'नंतर या परिसराने कॅमेरे घेऊन आलेली माणसं पाहिली आहेत.

"शूटिंग नाही, दादा. पाण्यावर जायचंय."

"वाऱ्याचं?" त्याने विचारलं, आणि नंतर चिखलठाणच्या रस्त्याला लागेपर्यंत तो काही बोलला नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि केळी. हा मुलूख मुळात ज्वारीचा, कमी पावसाचा. भीमेवर माढा तालुक्यात उजनीला धरण झालं, १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि नदीकाठची गावं पाण्याखाली जाऊन वर माळावर येऊन बसली. त्याच पाण्यावर आता कंदरची केळी परदेशात जातात. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे कालव्यात न जाणारा. त्यामुळे उन्हाळ्यात बातम्यांत उजनी 'उणे' झालेली असली, तरी नदीच्या जुन्या पात्रात पाणी असतं. ऑगस्टच्या शेवटी मात्र ती भरलेली होती. वळण घेतलं आणि समोर एकदम पाणीच पाणी आलं. पलीकडचा इंदापूरचा काठ एका निळसर रेघेएवढा.

काठावर शेतकऱ्यांच्या मोटारींचे काळे पाइप पाण्यात उतरले होते, त्यांच्याबरोबर विजेच्या केबली. जलाशय जलसंपदा विभागाचा. काकांनी कुठे उतरावं हे आधीच विचारून ठेवलं होतं आणि मोटारींपासून लांबची एक मोकळी उतरण दाखवली. मी बोर्ड पसरला आणि पंप मारायला घेतला.

पंपाचं गणित सोपं आहे. बोर्डाच्या पोटात साधारण २७० लिटर जागा. तो पायाखाली वाकू नये म्हणून त्यात १५ पीएसआय दाब लागतो, आणि हा दाब वातावरणाच्या दाबाएवढाच असल्याने जागेच्या दुप्पट हवा आत कोंबावी लागते. पंपाच्या एका झटक्यात दोनेक लिटर हवा जाते. मी मोजले, २८६ झटके. पहिले दोनशे सहज जातात. शेवटच्या ऐंशीत सगळं अंग पंपाच्या दांड्यावर टाकावं लागतं. मी थांबून श्वास घेतला, घाम पुसला आणि तेव्हा तो आवाज ऐकला. बारीक, एकसारखा, सापाच्या फुत्कारासारखा.

बाभूळ. पाणी चढताना काठची वेडी बाभूळ निम्मी बुडते, वाळलेल्या फांद्या काठाला लागतात आणि मातीत काटे राहतात. मी बोर्ड सरळ जमिनीवर पसरला होता. खाली सतरंजी अंथरायची, ही साधी गोष्ट मी केली नव्हती. भरीव बोर्डाला या काट्याने ओरखडाही आला नसता.

काका म्हणाले, "चला, पंक्चर काढू."

जेऊरच्या पंक्चरच्या दुकानात टायरांच्या चळतीमागून एक तरुण बाहेर आला. त्याने बोर्डाला हात लावला, बोटाने टिचकी मारली, वास घेतला. "हे रबर न्हाई. ह्याला आपलं सोल्युशन धरणार न्हाई." तो बरोबर होता. बोर्ड पीव्हीसीचा असतो आणि रबराच्या ट्यूबचं सोल्युशन त्यावर टिकत नाही. मी विचारलं, शेतातले पाइप जोडायचं सोल्युशन चालेल का, तेही पीव्हीसीचंच असतं. त्याने मान हलवली. "त्ये वाळल्यावर काचंवाणी हुतं. हे तर वाकतंय." हेही बरोबर. मग त्याने मला हवं होतं ते केलं: घमेल्यात साबणाचं पाणी कालवून फडक्याने बोर्डावर फिरवलं आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहिलं. एक नव्हे, दोन भोकं निघाली. दुसरं मला सापडलंच नसतं.

बोर्डासोबत आलेल्या डबीत पीव्हीसीचे तुकडे होते आणि गोंदाची नळी. हवा सोडली, जागा काचपेपरने घासली, पुसली, दोन्ही बाजूंना गोंद लावून तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबलो आणि तुकडा दाबून बसवला. तरुणाने वर एक विटेचा तुकडा ठेवला. आता एक दिवस थांबायचं. गोंद पुरता धरायला इतका वेळ द्यावाच लागतो. त्याने पैसे घेतले नाहीत. "माझं काय गेलंय त्यात," म्हणाला.

म्हणून तो सगळा दिवस मला जेऊरमध्ये मिळाला. काकूंच्या ओट्यावर ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी आणि चिलापीचं कालवण. संध्याकाळी अंगणात बोर्ड पसरलेला, विटेसकट. काका त्याच्याभोवती दोनदा फिरले. काकांची हयात सोलापुरात यंत्रमागावर गेली. चादरी, मग टॉवेल. ते उकिडवे बसले आणि म्हणाले, "ही पिशवी आहे तर फुगल्यावर फुग्यासारखी गोल का होत नाही? सपाट कशी राहते?"

मी झडप उघडून दिली. काकांनी बॅटरी भोकाशी धरली, एक डोळा मिटून आत पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हसले. "दोरे आहेत. हजारो. वरच्या कापडातून खालच्या कापडात." त्यांनी मला पाहायला लावलं. बॅटरीच्या उजेडात आत पांढऱ्या दोऱ्यांचं दाट रान दिसत होतं.

"मखमल अशीच विणतात," काका म्हणाले. "दोन कापडं एकावर एक, एकाच मागावर. मधला ताणा खालून वर, वरून खाली. मग मध्ये पातं फिरवून दोन्ही कापडं वेगळी करायची, तुटलेल्या दोऱ्यांची लव तयार होते. इथे यांनी पातंच फिरवलेलं नाही."

मी हे तंत्र वाचलं होतं. हवेच्या भिंती ताठ ठेवणारं असं कापड गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये चक्क विमानासाठी वापरलं: पेटीत घालून नेता येईल आणि जागेवर हवा भरून उडवता येईल असं विमान. पण वाचणं वेगळं आणि ज्याच्या हाताखालून मैलोगणती कापड गेलं आहे अशा माणसाने ते एका डोळ्याने ओळखणं वेगळं. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्या गावाच्या विणकराला माझ्या बोर्डाचा कणा कळला, आणि मलाही तेव्हाच कळला. हवा फक्त ताण देते. आकार धरून ठेवतो तो दोरा.

काकूंना हे सगळं नवं वाटत नव्हतं. "आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला रिकामा डबा बांधून," त्या म्हणाल्या. "आमच्या आज्याच्या वेळी सुका भोपळा. नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड असायची." पोकळ वस्तूत हवा कोंडायची आणि तिच्या भरवशावर पाण्यात उतरायचं, भीमेकाठी हे पिढ्यांनी केलं आहे. डब्याने पाठ सोलवटायची, भोपळा फुटायचा, बोर्ड पंक्चर होतो. प्रत्येकाची काळजी वेगळी घ्यावी लागते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा काठावर गेलो. या वेळी काकूंनी जुनी सतरंजी दिली. चिकटवलेल्या जागांवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. दाब मी १५ ऐवजी १३ वरच थांबवला. याचंही कारण आहे. सकाळी २५ अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड उन्हात ठेवला आणि आतली हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर दाब १७ च्या घरात जातो. सोलापूरच्या मे महिन्यात, खडकावर पडलेल्या बोर्डात ती ६५ अंशांवर गेली तर १९. शिवणी गोंदाने जोडलेल्या असतात आणि गोंदाचं उन्हाशी वैर असतं. पाण्यावर नसेल तेव्हा बोर्ड सावलीत ठेवायचा, सावली नसेल तर थोडी हवा सोडायची; आणि काचा लावलेल्या मोटारीत दिवसभर तर कधीच ठेवायचा नाही.

काठाला एक पत्र्याची होडी लागली होती. तिच्यात जाळं आवरत बसलेले तात्या साठीच्या पुढचे असावेत. काकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की मी पाण्यावर असेन तोवर त्यांनी होडी जवळ ठेवावी. तात्यांनी आधी शीड पाहिलं, मग मला, मग आभाळ.

"वारं कुठनं येतंय बगा," ते म्हणाले. वारा नैर्ऋत्येकडून होता, इंदापूरच्या बाजूने आमच्याकडे. "ह्ये बरं हाय. काय झालं तर हिकडंच आणून टाकंल. काठावरनं आत जाणारं वारं असंल त्या दिवशी मातर उतरू नगा." हवेच्या बोर्डाला ही गोष्ट दुपटीने लागू पडते. तो हलका असतो, पाण्याच्या बराच वर राहतो, आणि शीड पडलं तरी वारा त्याला पालापाचोळ्यासारखा ढकलत नेतो. पोटाखालचं मधलं फिन नसेल तर तो पुढे जाण्याऐवजी आडवाच सरकत राहतो.

मग तात्यांनी पश्चिमेकडे बोट केलं. "पाणी काळं पडताना दिसलं की फिरायचं. वारं दिसत न्हाई, पर पाण्यावर त्येचा पाय दिसतो." थोडं थांबून ते म्हणाले, "कुगावची होडी तुमाला ठावंच असंल."

मला ठाऊक होतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून पलीकडच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक जण पोहत काठाला लागला. बुडालेल्यांचा शोध पुढेही चालू राहिला. हाच जलाशय, इथून फार लांब नाही. ती माणसं खेळायला गेली नव्हती. पलीकडच्या गावाला जायला तोच जवळचा रस्ता होता. मी काही क्षण शीड खाली ठेवून नुसती उभी राहिले. ज्या पाण्यावर मी पिशवी उघडून खेळायला आले होते, ते या लोकांचं रोजचं पाणी होतं, आणि त्याच्याशी वागायची रीत त्यांच्याकडून घ्यायला हवी होती.

जॅकेटचे बंद आवळले आणि मी निघाले.

पहिली पाच मिनिटं फक्त तोल. हवेचा बोर्ड रुंद आणि जाड असल्यामुळे उभं राहायला सोपा. पडलं तरी लागत नाही, गुडघे सोलवटत नाहीत. शीड दोरीने वर खेचलं, हात बूमवर, म्हणजे शिडाच्या आडव्या दांडीवर, गेले आणि फळी सरकली. ताशी १५-१८ किलोमीटरचा वारा असावा. पायाखाली पाणी थपथप वाजू लागलं. काठ मागे गेला, बाभळी मागे गेल्या, केळीच्या बागांचा हिरवा पट्टा लांबला. मोटारींची घरघर विरली आणि उरला तो फक्त शिडाचा आवाज. पाणी हिरवट होतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथेच येऊन साचतं. मी पुण्याची. काठावरून ते नुसतं कळतं. त्या पाण्यात कमरेपर्यंत भिजल्यावर त्याची लाज वाटते.

दोन फेऱ्या छान झाल्या. मग वारा चढला. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला, म्हणजे ताशी २० च्या पुढे. इथे हवेच्या बोर्डाची हद्द लागली. भरीव बोर्ड अशा वाऱ्यात पाण्यावर चढतो आणि घसरत सुटतो, कारण त्याची मागची कड धारदार असते आणि पाणी तिथून सुटून जातं. हवेच्या बोर्डाची कड गोल. पाणी तिला धरून राहतं. डोलकाठीखाली तो किंचित खचतो, पुढचं टोक वर उचलतं, आणि शिडाचा जोर वेगात न जाता त्या वाकण्यात जिरतो. मी दाब कमी ठेवला होता, त्यामुळे हे आणखी जाणवलं. काही बोर्डांना मागे कडक पट्टी लावतात, काहींच्या पोटात दोन थर देतात. त्याने फरक पडतो, पण वजन आणि गुंडाळीही वाढते.

पश्चिमेला पाणी काळं पडलं. तात्यांनी होडीतून हात वर केला आणि मी फळी वळवली. झोत येऊन पोचला तेव्हा मी काठापासून पन्नास-साठ पावलांवर होते. शीड हातातून सुटलं, मी पाण्यात. बोर्ड वाऱ्याबरोबर काठाकडे निघाला, मी त्याला धरून. तात्यांनी होडी आडवी घातली आणि काही न बोलता बोर्डाचं टोक पकडलं.

"तुमची गादी चांगली हाय," काठावर आल्यावर ते म्हणाले. "पर तुमी वेळेत वळला, त्ये जास्त चांगलं."

परतीचं काम उतरण्याइतकंच मोठं असतं. बोर्ड काकांच्या अंगणात स्वच्छ पाण्याने धुतला, सावलीत वाळवला, पट्ट्यांच्या फटींतून फडकं फिरवलं. ओला गुंडाळला तर बुरशी धरते आणि तो वास जात नाही. झडप उघडून शेवटाकडून गुंडाळत आणायचं, सैल. घट्ट आणि दर वेळी त्याच ठिकाणी घडी पडली तर तिथे कापड थकतं. डोलकाठीचे सांधे ओल्या फडक्याने पुसून मगच सोडवले. तरी एक सांधा अडला. काका आणि मी दोन टोकांना धरून पिळला तेव्हा सुटला. घरी हे सगळं दिवाणाखाली जातं. उंदीर नसलेली, उन्हापासून लांब जागा एवढीच त्याची मागणी.

तर हे व्यवहाराचं आहे का? रात्री वही उघडून मी हिशेब मांडला. पंप, जोडणी, धुणं, वाळवणं, गुंडाळणं मिळून तीन तास. पाण्यावर सव्वा तास. शिवाय दोन काट्यांपायी एक अख्खा दिवस. ज्याच्या गावात क्लब आहे, शेड आहे, ज्याला जोराच्या वाऱ्यात सुसाट जायचं आहे, त्याने भरीव बोर्डच घ्यावा. ज्याला कधीमधी पाहुण्यासारखं समुद्रावर जायचं आहे, त्याने तिथला भाड्याने घ्यावा. विमानाने ही पिशवी वाहून नेण्यात अर्थ नाही. पण ज्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पाणी जेऊरसारख्या ठिकाणी, जिथे काठावर माणसं आहेत पण खोली नाही, त्याच्यासाठी भरीव बोर्ड हा मुळात पर्यायच नाही. तिथे प्रश्न चांगला बोर्ड की बरा बोर्ड असा नसतो. पाण्यावर जाणं की न जाणं, असा असतो. हवेचा बोर्ड समुद्रकिनाऱ्यावर दुय्यम ठरतो आणि धरणाच्या काठावर पहिला. आपल्या राज्यात धरणं किती आहेत हे लक्षात घेतलं, तर ही लहान गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी आम्ही काठावर जाऊन आलो. तात्या जाळं काढून आले होते, होडीत त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू. मी दुसरं जॅकेट आणलं होतं. मुलाच्या मापाला ते थोडं मोठं होत होतं. खांद्याचे बंद आखडून घेतले तेव्हा नीट बसलं. तात्यांनी स्वतः ते बंद ओढून पाहिले, एकदा, दोनदा. मुलाला म्हणाले, "होडीत पाय टाकायच्या आधी घालायचं. नंतर न्हाई."

जेऊर स्टेशनवर पॅसेंजर आली. पिशवीचा वरचा भाग निम्मा रिकामा होता, त्यामुळे पट्टा पहिल्या ओढीतच लागला आणि पिशवी बाकाखाली सरळ आत गेली.